माळ्यावरची काडतुसं

मास्तरांना सगळे मास्तरच म्हणत, अगदी बायकोसुद्धा. नेमबाजीच्या क्लबात उभी हयात त्यांनी पोरांना शिकवलं. निवृत्तीनंतर एकच शिष्य उरला, त्यांची लेक चिमणी. नावाची चिमणी, हात मात्र असा स्थिर, की बघणाऱ्याने श्वास रोखावा.

निवड चाचणी तोंडावर आली आणि क्लबात जड गोळीची काडतुसं मिळेनाशी झाली. उरली ती हलक्या गोळीची. चिमणीच्या रिव्हॉल्व्हरची नेम धरायची माशी नळीवर पक्की बसवलेली, तीही जड गोळीच्या हिशेबाने. हलकी गोळी नळी उसळायच्या आतच निसटून जाई आणि लक्ष्यावर छिद्रं खाली पडत.

"बाबा, नेम जरा वर धरते. होईल सवय."

"ऐन वेळी हाताची सवय मोडायची? वेड लागलंय का?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरवला. आत त्यांच्या उमेदीच्या काळातली जड गोळीची काडतुसं होती. कित्येक उन्हाळे आणि खालच्या चुलीची वाफ त्यांनी सोसली होती. काही पितळी कवचांवर हिरवट थर चढला होता. ती मास्तरांनी बाजूला काढली, उरलेली फडक्याने लखलखीत पुसली.

"अहो, जुनं औषधसुद्धा आपण फेकून देतो," बायको म्हणाली. "क्लबातल्या कुणाला तरी दाखवा आधी."

"मला शिकवणारे आहेत का तिथे कोणी? काडतूस काय माणूस आहे म्हातारं व्हायला!"

चिमणीला हसू आलं. आईला नाही.

सरावाला पहिल्या गोळ्या नेमक्या मध्यावर बसल्या. मास्तरांची छाती फुगली. मग एका गोळीला नुसतंच फुस्स झालं, ओल्या फटाक्यासारखं. चिमणीने हात खाली घेतला.

"बाबा, झटका बसलाच नाही. बघू का नळीत?"

आयुष्यभर बार ऐकून मास्तरांचे कान गेलेले. त्यांना बार जेमतेमच ऐकू येई, त्यात वर आवाज अडवणारी कानटोपं. लक्ष्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"गेली गं ती. लय मोडू नकोस. मार पुढची."

आवाज दबका आला, तर शस्त्र रिकामं करून आधी नळी तपासायची. हा नियम तिला पाठ होता, त्यांनीच पाठ करून घेतलेला. पण 'मार' म्हणणारेही तेच होते. तिने हात उचलला.

आधीची गोळी नळीतच अडकून बसली होती. दुसरी तिच्यावर आदळली आणि रिव्हॉल्व्हर फुटलं. एक तुकडा चष्म्याच्या कडेखालून तिच्या उजव्या डोळ्यात घुसला.

डोळा वाचला नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पट्टीखालून ती म्हणाली, "चुकलंच माझं, बाबा. बघायला हवं होतं मी."

मास्तरांना 'तुझं नाही, माझं चुकलं' एवढंच बोलायचं होतं. ते उठले आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर निघून गेले.

ती घरी आल्यावर त्यांनी कसंबसं तोंड उघडलं. "चिमणे, चूक माझी होती गं."

"माहितेय, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांनी पाय तरी धरले असते. "दवाखान्यातच म्हणाला असतात, तर मला एकटं नसतं वाटलं. आता काय उपयोग?"

मास्तरांचं ताट वाढून बायको आत निघून जाई.

एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. चिमणी तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला गेली. धार पेल्याच्या अलीकडे पडली, टेबलावरून वाहत मास्तरांच्या मांडीवर आली. तिने पुन्हा ओतलं, पुन्हा बाहेर. मास्तरांनी पेला धरायला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "माझं मला जमू दे."

ते ओल्या कपड्यांनी तसेच बसून राहिले.