चार नंबरचा सिगार

मास्तरांनी चार नंबरचा सिगार कानाशी धरला आणि दोन बोटांत हलकेच दाबला. नीट वळलेला सिगार किंचित दबतो आणि लगेच पुन्हा फुगतो. हा दबलाच नाही. त्यांनी टोक कापलं, काडी ओढली, फिरवत फिरवत तो पेटवला आणि पहिला झुरका घेतला. गाल पार आत गेले, धूर मात्र जेमतेम चमचाभर आला.

मेलो, मास्तर मनाशी म्हणाले. हा आपल्या सूनबाईचा.

टेबलावर पाच सिगार होते. पट्टी नाही, खूण नाही, नुसते कागदावर लिहिलेले आकडे. कुणाचा कुठला, ते साहेबांसमोरच्या बंद पाकिटात. सकाळचे साडेनऊ वाजले होते, कारण जेवणाआधीच तोंड खरं बोलतं असं कारखान्यात मानत. मधूनमधून चूळ भरायला बिनसाखरेचा चहा होता. चाखायला तिघं: तोंडाने फटकळ आणि जिभेने पक्क्या मावशी, पानांच्या गोदामाचा कारभारी, आणि आजच्यापुरते मास्तर. नेहमीच्या तिसऱ्याचं नाक सर्दीने चोंदलं होतं, म्हणून साहेबांनी मास्तरांना वळणाऱ्यांच्या दालनातून उठवून आणलं होतं.

"साहेब, परीक्षेला आज माझी सून आहे," मास्तरांनी आधीच सांगून टाकलं होतं. "आणि तपासणीला काल दालनातून काढलेल्यांत माझाही एक आहे म्हणतात."

"म्हणून तर नंबर असतात ना, मास्तर! तुम्हाला काय माहीत कुठला कुणाचा?"

साहेब नवे होते. एकतीस वर्षं एका दालनात बसून वळणाऱ्याला इतरांचा हात कळतो, जिन्यावरच्या पावलांवरून घरात कोण आलं ते कळावं तसा. एक नंबर डावखुऱ्याचा, पानाचा पीळच उलटा. तीन आणि पाच खिडकीजवळच्या दोघी बहिणींचे, त्यांच्या सिगारचं डोकं नेहमी जरा टोकदार. उरले दोन आणि चार. चारचा हा असा दगड झालेला, म्हणजे दोन नंबर आपला. मास्तरांनी फार डोकं चालवलंच नाही.

सून तळघरात पानांच्या शिरा काढायची. दिवसभर तिथली धूळ नाकातोंडात जायची आणि घरी आल्यावरही तिचा खोकला थांबत नसे. वर दालनात उजेड होता, हवा होती, आणि तिला हे काम मनापासून आवडत होतं. मास्तर आधी म्हणाले होते, "तुझ्याच्याने नाही व्हायचं." मग तिचा हट्ट बघून स्वतःच स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवायला बसले होते. दोनदा ती नापास झाली. दोन्ही वेळा कागदावर एकच शेरा होता: ओढायला घट्ट. तिसरी परीक्षा शेवटची, मग कायमचं तळघर. आणि घोडं पुन्हा तिथंच पेंड खात होतं.

त्यांनी आणखी एक झुरका घेतला. सिगार आता एका बाजूने जळत चालला होता. अकरा वर्षांपूर्वी याच टेबलावर बसून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला नापास केलं होतं. मेव्हणा अजून लग्नकार्यात तोंड फिरवतो, पण मास्तरांना त्याचा कधी पस्तावा झाला नव्हता. आज पेन्सिल हातात धरून ते बराच वेळ बसून राहिले. गोदामवाल्याने खाकरून घसा साफ केला. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मास्तरांनी कागद हाताने झाकला आणि चार नंबरपुढे दहापैकी सहा लिहिले. सहाला पास.

कान गरम झाले. एकतीस वर्षांत हे पहिल्यांदाच.

दोन नंबर पेटवला आणि जिवाला जरा बरं वाटलं. धूर असा सहज आला की ओढावं लागलंच नाही. राख पांढरी, बोटभर झाली तरी पडायचं नाव नाही. काय हात आहे, मास्तरांना वाटलं, अजून आहे बरं का आपल्यात. त्यांनी दहा लिहिले. मग स्वतःच स्वतःला दहा देणं बरं दिसेना, म्हणून खोडून नऊ केले.

साहेबांनी कागद गोळा केले, पाकीट फोडलं आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं.

"एक, डावखुरे. पास. दोन..." ते थांबले आणि हसले. "दोन नंबर, तळघरातल्या बाई. दहा, दहा आणि नऊ. मास्तर, अभिनंदन! सूनबाईंना उद्यापासून वर बसवू. तीन, थोरल्या बहीणबाई. पास. चार, स्वतः मास्तर. सहा, सहा, सहा. पास. पाच, धाकट्या. पास."

साहेब पाकीट घेऊन निघून गेले. त्यांच्या लेखी सगळं छान झालं होतं.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी दुसरीकडून कसनुसं झालं. चार नंबर त्यांच्यापुढेच ताटलीत विझून पडला होता. तो सहाच्या लायकीचा नव्हता. तो दोनच्याही लायकीचा नव्हता. आणि मावशींनी गेल्याच आठवड्यात याहून बऱ्या दोन सिगारांवर काट मारली होती, कुणाची भीडभाड न ठेवता.

"मावशी, चार नंबरला सहा?"

"तुम्हीही दिलेत की."

"मला वाटलं, तो सुनेचा."

"हं. आम्हालाही तो कुणाचा तरी वाटलाच."

गोदामवाला कप गोळा करायला लागला. एरवी त्याने आयुष्यात कप उचलला नव्हता.

"किती दिवस चाललंय हे?" मास्तरांनी विचारलं.

"मी काय मोजत बसले नाही."

"मावशी."

"वर्ष झालं असेल," मावशी म्हणाल्या. "रोज नाही बिघडत. सकाळचे पहिले दहा-पंधरा तेवढे घट्ट येतात. ते कुणी ना कुणी गठ्ठ्यातून काढून घेतं. दोघी बहिणी घेतात, डावखुरा घेतो. हा काल नेमका हातून सुटला." मग जरा रागानेच म्हणाल्या, "निम्म्या दालनाला वळायला तुम्ही शिकवलंत. एवढं पण करायचं नाही का आम्ही?"

मास्तरांनी उजव्या हाताचा अंगठा चोळला. सकाळी तो आखडायचा, ते थंडीवर खापर फोडायचे. थंडी जाऊन चार महिने झाले होते. वर्षभर इतकी माणसं मूग गिळून बसली होती आणि रोज त्यांना 'मास्तर, बसा' म्हणत होती. त्यांना लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही थोडी. पण हे ऋण तिच्याहून मोठं होतं. त्यांनी मावशींपुढे दोन्ही हात जोडले. मावशींनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"जा आता. पोरगी दारात उभी असेल."

सून दारातच होती, जीव टांगणीला लागलेला चेहरा घेऊन. मास्तरांनी आकडे सांगितले. ती आधी हसली, मग रडली, मग नऊ कुणी दिले म्हणून तिने विचारलं.

"एक मूर्ख माणूस होता," मास्तर म्हणाले आणि तिला वळणाऱ्यांच्या दालनात घेऊन आले. "ये, बस."

त्यांनी आपल्या बाकावर शेजारी तिला जागा करून दिली. दालन भरलेलं होतं. दोघी बहिणी मान खाली घालून वळत होत्या, जरा जास्तच मन लावून. मास्तरांनी आतली पानं जुळवली, मुठीत धरली, पाटावर घेऊन गुंडाळली. अंगठा अजून आखडलेलाच होता. वरचं पान लावण्याआधी त्यांनी ती गुंडाळी सुनेच्या हातावर ठेवली.

"बघ गं जरा. कशी आहे?"

तिने दोन बोटांत दाबली. पुन्हा दाबली. मास्तरांकडे बघितलं, आणि तिचं काय चाललंय ते त्यांना कळलं. अर्ध्या तासापूर्वी कागदावर हात धरून तेही असेच बसले होते.

"खरं सांग," ते म्हणाले. "मी तुलाच विचारतोय."

तिने गुंडाळीवर एका जागी बोट ठेवलं.

"घट्ट आहे, बाबा. तुमचा अंगठा दाबतो तिथं."

दोघी बहिणींचे हात थांबले. डावखुऱ्याने मान वर केली.

"शाबास," मास्तर म्हणाले, आणि गुंडाळी सोडून पानं तिच्यापुढे पसरली. "आता तू धर. मी बघतो."