नऊ नंबरच्या नाक्यावर दाजी

शनिवारी इल्वाताईनं भावाला दारातच गाठलं. भाजलेल्या चेस्टनटांचा गरम पुडा त्याच्या हातात कोंबत ती हळू आवाजात म्हणाली, "ओरेस्ते, उद्याच्या शिकारीत ह्यांना नाका देऊ नकोस."

"का? पुन्हा भांडलात?"

"काल दारामागे टांगलेल्या कोटाला 'बसा' म्हणाले. दोनदा! दिसत नाही रे ह्यांना धड. आणि उद्या हातात बंदूक."

"मग तूच सांग ना त्यांना."

"मी सांगितलं तर जेवण सोडतील. टोळीचा म्होरक्या तू आहेस. तू सांग."

म्होरक्या! ओरेस्ते घरी जाताना स्वतःवरच चिडला होता. इटलीतल्या मारेम्माच्या या रानात दर रविवारी रानडुकरांच्या शिकारीला चाळीस बंदुका झाडीत आपापल्या नाक्यावर बसवायच्या आणि संध्याकाळी चाळीस माणसं धडधाकट घरी पाठवायची, एवढंच त्याचं काम. सव्वीस वर्षं त्यानं ते चोख केलं होतं. पण फोस्कोदाजींना नाका नाकारायचा म्हणजे काय? चौदा वर्षांच्या ओरेस्तेला वाऱ्याकडे तोंड करून बसायला शिकवलं ते दाजींनी. स्वतःच्या लग्नाच्या जेवणावरून उठून, नवे बूट चिखलात घालून, मेहुण्याला डुकराची ताजी पावलं दाखवायला नेलं ते दाजींनी. ताई त्यावरून अजून बोलते. त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं की आता तुम्ही घरी बसा?

आणि नाही सांगितलं, आणि दाजींच्या हातून माणूस गेला, तर?

रविवारी सकाळी टोळीच्या झोपडीत नेहमीसारखी गर्दी झाली. सगळ्यांच्या अंगात नारिंगी बंड्या, हातात कॉफी, बाहेर कुत्र्यांचा कल्ला. ओरेस्ते बाकावर चढला आणि त्यानं दर रविवारचं तेच भाषण सुरू केलं.

"डुक्कर अख्खं दिसल्याशिवाय बार नाही. पान हललं म्हणून बार नाही, आवाज आला म्हणून बार नाही. जनावराच्या मागे माती दिसली पाहिजे, आभाळ नाही. शेजारच्या नाक्याकडे नळी फिरवायची नाही. हरणाला आज हात लावायचा नाही, त्याचा हंगाम वेगळा. आणि शिंग तीनदा वाजेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. मग लघवी लागो नाहीतर भूकंप होवो!"

"तुम्हाला आधी काय लागेल ते सांगा," मागून मारिनो ओरडला. कुत्री घेऊन हाकारा घालायचं काम त्याचं, आणि जिभेला हाड नाही.

ओरेस्ते नाके वाटू लागला. आठ नंबर झाला. दाजी भिंतीला टेकून, टोपी सरळ करून उभे होते. शहात्तर वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा आपलं नाव ऐकायला टपला होता. ओरेस्तेची जीभ रेटेना.

"नऊ नंबर... दाजी. आणि त्यांच्यासोबत मी."

"माझ्यासोबत?" दाजी हसले. "काय मेहुण्या, म्हातारपणी एकट्याला रानात भीती वाटायला लागली की काय?"

सगळे खिदळले. ओरेस्तेही हसला. हा शहाणपणा नव्हता, निव्वळ भित्रेपणा होता, हे त्याला कळत होतं. दाजींनी बंदूक उचलली की आपण नळी वर ढकलायची, एवढाच त्याचा बेत होता.

नऊ नंबरचा नाका ओढ्याच्या वळणावर होता. समोर उघडी मातीची दरड, उजवीकडे झुडपं आणि झुडपांपलीकडे पायवाट. दाजींनी पाठमोरं होऊन दुनळी उघडली, खटकन मिटली आणि दगडावर बसले. ओरेस्ते त्यांच्या डाव्या हाताला बसला, इतका जवळ की दाजी कुजबुजले, "मांडीवरच बस ना."

वर टेकाडावर कुत्री भुंकू लागली. थोड्या वेळानं दाजींनी मान कलती केली.

"हरणी आहे. मागे पिल्लू. जाऊ दे."

ओरेस्तेला काहीच दिसत नव्हतं. मग झुडपं हलली, हरणी बाहेर आली, मागून पिल्लू आलं आणि दोघं ओढा ओलांडून गेली. ओरेस्ते दाजींकडे बघतच राहिला.

"आता तो येतोय," दाजी म्हणाले. "एकटाच आहे. चांगला जड आहे."

फांद्या मोडल्या आणि दीडशे किलोंचं धूड ओढ्यात उतरलं. दाजींची बंदूक खांद्याला लागली. पण नळी डुकरावर नव्हती! ती पायवाटेकडे वळत होती. ओरेस्तेनं आपली बंदूक टाकून दिली आणि दोन्ही हातांनी नळी धरून आभाळाकडे ढकलली. डुकरानं एकदा दोघांकडे पाहिलं, दरड चढलं आणि निघून गेलं.

"सोड," दाजी शांतपणे म्हणाले. "रिकामी आहे ती. उचलतो नुसती सवयीनं, अंदाजानं."

त्यांनी दुनळी उघडून दाखवली. दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता.

ओरेस्तेनं विचारलं, "कधीपासून?"

"दोन हंगाम झाले. इथंच बसलो होतो. त्या झुडपात काहीतरी करडं हललं. मी नेम धरला. बोट घोड्यावर होतं, ओरेस्ते. आणि ते करडं खोकलं. अळंबी गोळा करणारी बाई होती. टोपली घेऊन बाहेर आली आणि 'नमस्कार' म्हणून गेली. तिला काही कळलंच नाही. मी तिथल्या तिथं दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. तेव्हापासून काडतुसं घरीच ठेवतो."

"मग येता कशाला?"

"मी घरी बसलो असतो तर हा नाका तू कुणाला दिला असतास? पान हललं की बार टाकणारे चार तरी आहेत तुझ्याकडे. नावं घेऊ? त्या पायवाटेवर पाटी लावली तरी माणसं येतातच. इथं मी आहे तोवर डुकरं निसटतील, पण माणूस मरणार नाही."

"एवढंच?"

दाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाही. तुम्ही सगळे इकडे आणि मी खिडकीत, हे मला सोसलं नसतं."

ओरेस्तेला स्वतःचीच लाज वाटली. नऊ नंबरवर दाजी झोपा काढतात, हा टोळीतला विनोद त्यानंही चारचौघांत केला होता. त्यानं दाजींच्या खांद्यावर हात टाकला. शिंग वाजलं नव्हतं, त्यामुळे उठता येत नव्हतं, आणि ते बरंच झालं.

"पुढच्या रविवारपासून इथं दोघं बसू," तो शेवटी म्हणाला. "बंदूक माझी, कान तुमचे. ताईला मी सांगतो."

"तिला मीच सांगेन. तू सांगितलंस तर रडेल."

झोपडीत परतले तेव्हा चार डुकरं टांगलेली होती. मारिनो दारातच उभा होता. "पाचवा कुठाय? सगळ्यात मोठा नऊ नंबरकडे उतरला, मी डोळ्यांनी पाहिला. काय दाजी, झोप झाली का? आणा कात्री!"

या टोळीत जनावर सोडणाऱ्याच्या सदऱ्याचं शेपूट कापून भिंतीला ठोकतात. दाजी मुकाट्यानं बंडीची बटणं काढू लागले.

"थांबा," ओरेस्ते म्हणाला. "दाजींनी तो मला आधीच सांगितला होता. सोडला मी."

म्होरक्याचा सदरा सव्वीस वर्षांत कुणी कापला नव्हता. मग जो हशा उठला त्यानं बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मारिनो कात्री घेऊन धावला, पण दाजींनी हात पुढे केला.

"नाका माझा आहे. मी कापणार."

ओरेस्ते पाठ करून उभा राहिला. मागून दाजींचा हात आला आणि सदऱ्याची कड चाचपत कमरेपर्यंत गेला. कात्रीचं थंडगार टोक पाठीला लागलं.

"हलू नकोस," दाजी अगदी कानाशी म्हणाले. "मला काही दिसत नाहीये."

"नाही हलत," ओरेस्ते म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो खरंच हलला नाही.