धर्माच्या गाडीचा सांधा

"चौदाचा देऊ का तेराचा?" अंजनाबाईंनी बॉनेटखाली डोकावून विचारलं.

"तेराचा, वहिनी. रिंगवाला."

गुणाजीने न बघताच हात मागे केला आणि तळहातावर बरोबर तेराचाच पाना पडला. त्याला नवल वाटलं.

"नंबर बरे पाठ आहेत तुम्हाला!"

"मंग? तीस वर्षं हेच केलं. हे गाडीखाली जायचे आणि तिथून ओरडायचे, अंजना, दहाचा दे! तव्यावरची भाकर सोडून धावायची मी. किती भाकरी करपवल्या यांनी."

खारदांड्याच्या त्या गल्लीत अंजनाबाईंच्या नवऱ्याची, धर्माची फियाट तीन वर्षं जागची हलली नव्हती. धर्मा गेला तेव्हापासून ती उभीच होती. खाऱ्या हवेने पत्रा इतका खाल्ला होता की ड्रायव्हरच्या पायापाशी भोकातून खालची फरशी दिसत होती. पण स्टिअरिंगजवळचा गियरचा दांडा शाबूत होता, आणि त्याचा पितळी सांधाही.

तो सांधा कंपनीचा नव्हता. वीस वर्षांपूर्वी मूळचा झिजला, बाजारात कुठे मिळेना, तेव्हा गुणाजीने स्वतः माप काढलं आणि धोंडू लेथवाल्याच्या शेजारी बसून नवा कातून घेतला. तीनदा चुकला, चौथ्यांदा बसला. आता धोंडू नव्हता, त्याचा लेथही नव्हता आणि गुणाजीची नजर पूर्वीची राहिली नव्हती. सदुसष्ट वर्षांचा माणूस. गुडघे तर खाली बसले की उठायचं नाव घेत नव्हते.

मुलुंडच्या चंद्रप्रकाशसाहेबांची अशीच जुनी फियाट तो सहा महिने जुळवत होता. इंजिन झालं, ब्रेक झाले, दरवाजे झाले. अडलं होतं फक्त गियरपाशी. पहिला गियर टाकावा तर दांडा हातात लुळा पडायचा. धर्माच्या गाडीतला सांधा काढायचा हे गुणाजीला महिनाभर आधीच सुचलं होतं, पण मागायला तोंड उघडत नव्हतं. दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा तब्येतीचंच विचारून ठेवला. तिसऱ्यांदा अंजनाबाईच म्हणाल्या, "भावजी, काय हवंय ते बोला ना सरळ."

"सोमवारी विपुल भंगारवाल्याला देणार हाय," त्या आता म्हणाल्या. विपुल त्यांचा मुलगा. "त्याला तरी काय बोलू? गल्ली अडते, शेजारी रोज भांडतात."

गुणाजीने खाली बसून शेवटचा बोल्ट सोडला. अंजनाबाईंनी सांधा हातात घेतला आणि फडक्याने पुसला.

"न्या. कुठंतरी फिरत तर राहील. पडून राहण्यापेक्षा बरं."

गुणाजीला उठवायला त्यांनीच हात दिला.

सांधा मुलुंडच्या गाडीत बसवायला चार दिवस गेले. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या, तरी दर वेळी केसभर फरक निघायचा. गुणाजी घाटकोपरहून सकाळी यायचा, इमारतीच्या पार्किंगमध्ये गोणपाटावर आडवा व्हायचा, आणि संध्याकाळी घरी गेला की त्याची बायको सुगंधा पाठीला तेल लावत आपल्या मालवणीत बडबडायची, "होया कित्याक तुका ह्या वयात? बस कर आता."

पण शनिवारी सकाळी गियर पडला. गुणाजीने गाडी गेटपर्यंत नेली, परत आणली. पुन्हा नेली. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हाताला कळतसुद्धा नव्हतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो स्वतःशीच हसला.

दहा वाजता चंद्रप्रकाशसाहेब खाली आले. गाडीभोवती दोनदा फिरले. "क्या बात है, काका! झकास!" मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि थांबले.

"हे पिवळं काय आहे?"

"पितळी सांधा, साहेब. मी बनवलेला. त्याच्यावरच गियर पडतोय."

"पण ओरिजिनल नाही ना हा?"

"नाही."

"काका, उद्या जुन्या गाड्यांची स्पर्धा आहे. जज पहिल्यांदा बॉनेटच उघडतात. हे बघितलं की पॉइंट कापणार. आपला जुना पार्ट आहे ना? तोच लावा परत."

"तो झिजलाय. मग गाडी चालायची नाही."

"चालवायचीय कुठे? ट्रेलरवरून जाणार, ट्रेलरवरून येणार. उभीच तर राहायचीय." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची मेहनत मला दिसते, काका. खरंच. पण नियम आहे तो."

साहेब वाईट माणूस नव्हते. गाडी त्यांची होती. गुणाजी पुन्हा गोणपाटावर आडवा झाला. बसवायला चार दिवस लागलेला सांधा काढायला तासही लागला नाही.

सामान आवरत असताना अंजनाबाईंचा फोन आला.

"भावजी, बसला का तो?"

"बसला."

"चालते ना गाडी?"

गुणाजीच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला सांधा होता. "चालते, वहिनी. पहिल्यातून दुसऱ्यात कधी गेली, कळतसुद्धा नाही."

"बरं झालं बाबा. इथली सोमवारीच नेली. गल्ली कशी मोठी दिसते आता. पोरं दिवसभर खेळतात."

"होय," गुणाजी म्हणाला. "ठेवतो वहिनी, ट्रेलर आलाय."

ट्रेलर खरंच आला होता. फळ्या टाकल्या गेल्या. दोन वॉचमन, ड्रायव्हर आणि साहेब स्वतः गाडीच्या मागे उभे राहिले.

"काका, तुम्ही राहू द्या," एक वॉचमन म्हणाला.

"स्टिअरिंगवर कुणीतरी बसा आधी," गुणाजी म्हणाला. "जरा डावीकडे ओढते ती. सांभाळून."

ड्रायव्हर आत बसला. मागे एक जागा मोकळी झाली. गुणाजीने हात पँटला पुसले, नव्या रंगावर डाग पडू नये म्हणून एकदा पुन्हा पुसले, आणि डिकीवर दोन्ही तळवे टेकवून तो वाकला.

"हं, ढकला," तो म्हणाला.