अतारांकित प्रश्न क्रमांक १४१७

संसदेत प्रश्न विचारणं म्हणजे लोकांना वाटतं, कुणीतरी खासदार ताडकन उठतो, बाकावर हात आपटतो आणि मंत्र्याची बोबडी वळते. छे हो! त्यातले निम्मेअधिक प्रश्न प्रियांकासारखी एखादी पोरगी फरसाणाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून टाइप करत असते. खालून तळणाचा वास येत असतो, आणि हा प्रश्न आपण विचारलाय हे खासदारांना कधीकधी उत्तर आल्यावर कळतं.

प्रियांका आंबिवलीची. राज्यसभेच्या एका खासदार मॅडमच्या डोंबिवलीतल्या ऑफिसात ती चार वर्षं होती. तिला हे काम शिकवलं दौलतकाकांनी. काकांची अख्खी नोकरी दिल्लीत खासदारांचे कागद सांभाळण्यात गेली. निवृत्त होऊनही माणूस सुटला नाही, रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात हजर. प्रश्नाची नोटीस पंधरा दिवस आधी द्यायची. मग सोडत निघते. नशीब चांगलं असेल तर प्रश्नावर तारा लागतो, म्हणजे मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्याला उलटे प्रश्न विचारता येतात. तारा नाही लागला तर लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं, संपलं. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला, आणि रोजच्या कामाची यादी, कामकाज पत्रिका, आधीच छापलेली.

"त्या पत्रिकेत जे नाही ते त्या दिवशी सभागृहात नाही," काका म्हणायचे, "आणि जे आहे ते होणारच."

तर प्रियांकाला बिनताऱ्याचेच प्रश्न आवडायचे. ताऱ्यावाल्यांत भाषणं मिळतात गं, ती म्हणायची, आकडे मिळतात ते बिनताऱ्यात. या पावसाळी अधिवेशनात तिने विचारलं होतं, ठाणे जिल्ह्यातल्या नद्या आणि खाड्यांमध्ये बुडून किती माणसं गेली. तारीख, जागा, वय, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण, सगळं द्या. फक्त नावं नकोत. तिचा भाऊ राकेश खडवलीला नदीकाठच्या पंपहाऊसवर कंत्राटी कामाला होता. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यात पावसाळ्यात झाडं, प्लास्टिक, मेलेली जनावरं अडकतात; ती दोरीला धरून पाण्यात उतरून काढायची. म्हणून तिला या विषयाची धास्तीही होती आणि तळमळही.

आणि चूक तिथेच झाली. प्रश्न लिहिणारे काय करतात माहितीये? जुना प्रश्न उघडतात, साल बदलतात, पाठवून देतात. हाच प्रश्न तिने आदल्या वर्षी विचारला होता, पण तेव्हा तो फेब्रुवारीत आणि संपलेल्या वर्षाबद्दल होता: एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर. यंदा तिने साल तेवढं बदलून चालू वर्षाचं केलं आणि तारखा तशाच राहिल्या. ऑगस्ट महिन्यात खासदार मॅडमनी डिसेंबरपर्यंत बुडालेल्या माणसांची यादी मागितली. दिल्लीच्या सचिवालयातही कुणाला खटकलं नाही. प्रश्न दाखल झाला, त्याला नंबर पडला: १४१७.

बुधवारी बारा वाजता उत्तर पोर्टलवर आलं. पहिला परिच्छेद नेहमीचाच: हा विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे, तथापि राज्याकडून मिळालेली माहिती परिशिष्टात जोडली आहे. प्रियांकाने चहाचा घोट घेत परिशिष्ट उघडलं. त्रेसष्ट ओळी होत्या. एकोणचाळिसावी ओळ परवाच्या सोमवारची, ती बातमी तिने वाचलेली. चाळिसावी ओळ आजची होती. बुधवार, सायंकाळी ५.१०, कल्याण, गंधारी पुलाजवळ, स्त्री, वय अंदाजे ५०, हिरवी साडी.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते.

तिने पान खाली सरकवलं. सप्टेंबर. ऑक्टोबर. बावन्नावी ओळ कोलशेत खाडीची: मुलगी, वय अंदाजे ६, एका पायात पैंजण. शेवटची ओळ एकोणतीस डिसेंबरची. मग ती पुन्हा वर आली आणि एक्केचाळिसावी ओळ वाचली. शुक्रवार, दुपारी १२.४०, खडवली, नदीपात्र, पुरुष, वय २९. खाकी हाफ पँट. उजव्या मनगटावर 'जाई' असं गोंदलेलं.

जाई, म्हणजे जाईबाई, तिची आई. राकेशने सतराव्या वर्षी जत्रेत जाऊन ते गोंदून घेतलं होतं. आईने आधी दोन रट्टे दिले आणि मग तोच हात धरून रडली होती.

"काका," तिने हाक मारली, "इकडे या ना जरा."

दौलतकाका आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला. आधी हसले. छपाईचा घोळ असेल म्हणाले. मग त्यांनी तिचा मूळ प्रश्न मागवून वाचला आणि त्यांचं हसू गेलं.

"अगं, तू एकतीस डिसेंबरपर्यंतचं विचारलं आहेस."

"चुकून झालं, काका! पण म्हणून ते काहीपण देतील का?"

"काहीपण देत नाहीत गं, हीच तर पंचाईत आहे." काका खुर्ची ओढून बसले. "प्रश्न एकदा दाखल झाला की त्याला उत्तर द्यावंच लागतं. आणि सभागृहाला चुकीची माहिती देता येत नाही. दिली तर विशेषाधिकार भंग. तीस वर्षं मी हेच पाहत आलो. जे विचारलं जातं, त्याचं उत्तर कुठून तरी येतं. कुठून येतं, ते मी कधी विचारलं नाही."

प्रियांका चार वाजताच निघाली. पाचच्या आत ती गंधारी पुलावर उभी होती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई ती न्याहाळत होती. पिवळी साडी, पंजाबी ड्रेस, बुरखा, पुन्हा पिवळी. हिरवी एकही नाही. पाच वाजून नऊ मिनिटांनी तिला वाटलं, झालं, सगळा खोटेपणा आहे, आपणच येड्यासारख्या पळत आलो. तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. बाई पुलावर नव्हतीच. ती खाली घाटावर निर्माल्य सोडायला उतरली होती. प्रियांकाने कठड्यावरून वाकून पाहिलं. तपकिरी पाण्यात हिरवा पदर फुगून वर आला, थोडा वेळ तसाच फिरला आणि पुलाखाली गेला.

आता तुम्ही सांगा, अशा वेळी माणसाने जायचं कुठे? पोलिसांत? काय सांगायचं, की सरकारने शुक्रवारचं उत्तर बुधवारी दिलंय? गुरुवारचा दिवस तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. एकच गोष्ट तिने डोक्यात पक्की केली. शुक्रवारी राकेश नदीवर जाणार नाही, बस्स. पाय मोडायची वेळ आली तरी चालेल.

शुक्रवारी सकाळी राकेश डबा भरत असताना तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. "दादा, मला गरगरतंय रे. पडेन मी. आज थांब ना घरी."

"अगं आई आहे ना."

"आई विहारात चाललीय, बायकांची मीटिंग आहे. तू थांब. प्लीज."

"यार प्रियांका, असं ऐनवेळी काय? खाडा नाय चालत आमच्याकडे." पण तिचा चेहरा खरंच पांढराफटक पडला होता, ते नाटक नव्हतंच. त्याने बघितलं, डबा ठेवला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. दोन मिनिटांत आत आला. "झालं सेट. झोप आता गप."

तिने काही विचारलं नाही. तिला वाटलं, जिंकलो आपण. इतक्या जोरात रडू आलं की तिने तोंडावर चादर ओढली.

सव्वाअकराला दौलतकाकांचा फोन आला. "प्रियांका, आज सकाळी पुरवणी कामकाज पत्रिका निघाली. तिच्यात आपला प्रश्न आहे. १४१७ च्या उत्तरात दुरुस्ती करणारं मंत्र्यांचं निवेदन. आत्ताच पटलावर ठेवलं."

"म्हणजे चूक कळली त्यांना?"

"तसंच दिसतंय. उत्तर चुकलं की मंत्र्याला स्वतः येऊन ते दुरुस्त करावं लागतं. तू बघ, माझ्याकडे ती फाइल उघडत नाही."

ती उठून बसली. काढली असणार ती ओळ! राकेश घरी आहे, समोर चटईवर पालथा पडून मोबाइलवर मॅच बघतोय. मग त्या ओळीला अर्थ काय उरला? तिने निवेदन उघडलं. अर्ध्या पानाचं होतं.

अनुक्रमांक ४१, वय या रकान्यात '२९' ऐवजी '३१'. ओळखीची खूण या रकान्यात 'उजव्या मनगटावर जाई' ऐवजी 'निरंक'. इतर तपशील आणि एकूण संख्या कायम. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.

तिने तीनदा वाचलं. ओळ गेली नव्हती. ओळीतला माणूस बदलला होता.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या जागी कोण गेलंय?"

"सुद्या गेलाय. बदली माणूस दिल्याशिवाय सोडत नायत ना."

सुद्या म्हणजे सुदेश, मागच्या चाळीतला. शाळेत राकेशपेक्षा दोन वर्षं पुढे होता. पंपहाऊसचं काम राकेशला त्यानेच लावून दिलेलं. गेल्या वर्षी आईला ताप भरला तेव्हा रिक्षा मिळेना, तर पाठीवर घेऊन दवाखान्यात पळालेला तो. प्रियांकाच्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा आला. ती फोन घेऊन गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं आणि सुदेशला लावला. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"जय भीम, प्रियांका!" मागून पाण्याचा घोंगावणारा आवाज येत होता. "काय गं, बरं वाटतंय का? राकेश बोलला, चक्कर आलीय."

"सुदेश, ऐक. तू निघ तिथून. आत्ता, लगेच निघ. पाण्यात उतरू नको."

"का गं? काय झालं?"

"काही विचारू नको ना! घरी ये."

"अगं येतो, पण असं कसं? जाळी गच्च भरलीय, पंप बंद पडला तर गावाला पाणी नाय." तो हसला, तिला समजावल्यासारखा. "एक काम कर. राकेशला पाठव. तो पोचला की निघतो मी. त्याला दुपारची गाडी मिळेल, बारा चाळीसच्या आत येईल बघ. कुणीतरी एक जण लागतोच इथे."

प्रियांकाने वळून आत पाहिलं. काचेतून राकेश दिसत होता. त्याने हात डोक्याखाली घेतला होता आणि मनगटावरची निळी अक्षरं वर आली होती. एकूण संख्या कायम, तिने मनात म्हटलं. तिला ओरडायचं होतं, की मर तिकडे काम, पळ तू, सगळेच पळा. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. पण सुदेश निघाला तर आधी राकेशला फोन करणार, आणि राकेश तो फोन ऐकून एक मिनिट घरात थांबणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"हॅलो? प्रियांका? पाठवतेस ना त्याला?"

"नको," ती म्हणाली. "तूच थांब."

"बरं. तू आराम कर गं. टेन्शन नको घेऊ."

फोन ठेवून ती तशीच कठड्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळाने जाईबाई विहारातून परत आल्या. चपला काढता काढता त्यांनी राकेशला घरात पाहिलं, त्याने सगळं सांगितलं, मग त्या गॅलरीत आल्या आणि लेकीच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"गार आहेस की," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मी सुकट करते. सुदेशला फोन करून सांग जेवायला यायला. बिचारा याच्या वाटचं पाणी उपसतोय."

"हो," प्रियांका म्हणाली. "सांगते."