धरून ठेवलेला कॉल

त्या रविवारी जुनेद यवतमाळहून दारव्ह्याला आला, तेव्हा अब्बांच्या दुकानाचे शटर अर्धेच उघडे होते. मोटर भरण्याचे, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळण्याचे दुकान. एरवी बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसे. आज आत एकटे अब्बा होते आणि त्यांच्यासमोर रामरावांच्या विहिरीवरून सोडवून आणलेला स्टार्टर. झाकण काढलेले, तारा सुट्या. मागच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. दर चाचणीची एक.

"त्रेचाळीस झाल्या," अब्बा मान न वळवता म्हणाले. "एकदाही आपोआप उचलून नाही राह्यला. मंग त्याच दिशी काहून उचलला?"

 लहानपणापासून जुनेदचे असेच होते; शब्द ओठांशी येत आणि उंबरठ्यावर थबकलेल्या पाहुण्यासारखे परत फिरत. पण आज त्याच्यापाशी उत्तर होते. गुरुवारपासून होते.

बारा दिवसांपूर्वी रामराव आपल्या विहिरीत उतरले होते. पंप गळत होता, त्याच्या दांड्याभोवतीची गळती रोखणारी दोरी बदलायची होती. लाइन, म्हणजे वीज, गेलेली होती आणि लाइन नसली की मोबाईल ऑटो मेलेला असतो, हे तालुक्यातल्या लेकराबाळांना ठाऊक होते. ऑटो म्हणजे स्टार्टरवरचा डबा; घरून त्यातल्या सिमला फोन करायचा, वाजला की मोटर सुरू. पण लाइन नसेल तर फोन हवेत विरून जायचा. लाइन परत आली तरी कोणी नव्याने फोन केल्याशिवाय मोटर हलत नसे. त्या भरवशावर कितीतरी माणसे विहिरीत उतरत आणि वर येत. रामराव वर आले नाहीत. बारा वाजून दहा मिनिटांनी लाइन आली, दोन मिनिटांनी मोटर फिरली, गळ्यातला दुपट्टा पंपाच्या दांड्यात ओढला गेला.

ऑटो बसवला होता अब्बांनी, जलालमिस्त्रींनी. जुन्या स्टार्टरला हात न लावता त्यावर मोबाईलचा डबा जोडून द्यायची त्यांची खुबी पंचक्रोशीत नावाजलेली होती. म्हणून बोटही त्यांच्याकडेच वळले.

दुपारी जुने गिऱ्हाईक गुलाबसिंग आपली मोटर परत न्यायला आला. तिच्यात अर्धीच तार भरून झाली होती.

"परवा देतो, गुलाबभाऊ. थोडंच राह्यलं."

"राहू दे, चाचा. तुह्या हाताची मोटर म्हणे वाटेल तेव्हा चालू होते. मले माह्या इच्छेनं चालनारी पायजे." तो हसला, पण मोटर उचलताना त्याने अब्बांच्या नजरेला नजर दिली नाही.

अब्बांनी स्टार्टर पुन्हा एकदा लावून पाहिला, भिंतीशी जाऊन चव्वेचाळिसावी रेघ ओढली.

जुनेद एका मोबाईल कंपनीच्या यंत्रघरात काम करी. तिथले कॉल जोडणारे यंत्र एकोणीस वर्षांचे होते. ते काढायला पैसा नव्हता आणि धाडसही नव्हते, म्हणून वरिष्ठांनी ठरवले की जुने तसेच राहील, त्याच्या डोक्यावर नवा थर बसेल. जुने यंत्र जो कॉल पोहोचवू शकणार नाही, तो नवा थर धरून ठेवील. समोरचा फोन जागा झाला की त्याला कळवील. कसे कळवायचे, हा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा कधी नव्हे तो जुनेद बोलला होता. संदेश नको, तो म्हणाला होता. घरच्या बायांना वाचता येत नाही. कॉल करणाऱ्याच्याच नंबरावरून एक घंटी वाजवू. घंटी सगळ्यांना वाचता येते.

हे बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर अम्मी होती. सुग्राबी, जिचा फोन चार्जिंगअभावी निम्मा दिवस बंद असे आणि तो चालू झाल्यावर जिला कधीच कळत नसे की मुलाने मधल्या वेळात आठवण काढली होती.

गुरुवारी त्याने रामरावांच्या ऑटोचा नंबर नव्या थरात शोधला. दहा वाजून चार मिनिटांनी घरून आलेला एक कॉल: रामरावांच्या पत्नीचा, विजयमालाबाईंचा. फोन बंद. कॉल धरून ठेवला. बारा वाजून बारा मिनिटे: फोन जागा, घंटी दिली. मोटर सुरू व्हायला ऑटोला तेवढी घंटी पुरली होती.

 मग त्याने सबंध जिल्ह्यातली ती घंटी बंद केली. साहेबांनी कारण विचारले, तेव्हा "तपासणी" एवढाच शब्द त्याच्या तोंडून निघाला.

घरी जेवताना अम्मी म्हणाली, "आता तुहा फोन येऊन गेला ते समजूनच नाही राह्यलं. आधी कशी मागून घंटी वाजे. बिघडला वाटते."

जुनेदने घास खाली ठेवला. अब्बाही जेवत नव्हते. त्यांच्या बोटांना अजून खडू होता.

"अब्बा, तुमची जोडणी बरोबर होती," तो म्हणाला. आणि मग सगळे सांगितले, अडखळत, ताटाकडे पाहत.

अब्बांनी पुष्कळ वेळ हात धुतला.

"म्हंजे डब्यात काही खोट नव्हती."

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला, आणि जुनेदने तो मावळतानाही पाहिला. "अन् तो फोन रामरावच्या बाईनं केलता."

"हो. पण चूक माही हाय, अब्बा."

"मले समजते." आवाजात राग नव्हता, राग असता तर बरे झाले असते. "तुह्या सायबाले खरं सांग. लेखी दे. घंटी पुन्हा चालू करतील ते, नाहीतर. जे व्हायचं ते होऊ दे तुहं. पण गावात नको."

"मंग लोक तुमचंच नाव घेत राहतील."

"घेऊ दे. लोक दुकान बदलतात. हे समजलं तं ती बाई कुठं जाईन?"

रात्री जुनेदने साहेबांना पत्र लिहिले. घंटीची कल्पना माझी होती, असे त्यात पहिल्याच ओळीत होते.

सोमवारी रामरावांची तेरवी होती. बापलेक मांडवाच्या कडेला बसले. माणसांनी त्यांच्याभोवती थोडी जागा मोकळी सोडली. पंगत उठल्यावर विजयमालाबाई स्वतः त्यांच्याकडे आल्या. डोळे कोरडे होते.

"जलालभाऊ, माही काही तक्रार नाही." मग त्या जुनेदकडे वळल्या, शिकलेला, फोनच्या कामातला म्हणून असेल. "सकाळी मी ऑटोले फोन केलता, बापू. लागलाच नाही. लागला असता तं मोटर सुरू झाली असती, अन् हे उतरलेच नसते. तो एक फोन काहून लागला नसन?"

जुनेदने तोंड उघडले. शब्द ओठांपर्यंत आले होते आणि या खेपेला ते परत फिरायला तयार नव्हते. तेवढ्यात गुडघ्यावर अब्बांचा हात पडला, खडबडीत आणि जड.

"लाइन नव्हती, बाई," अब्बा म्हणाले. "फोनचा काही दोष नाही. जोडणी माही होती."

मांडवातल्या काही माना वळल्या. विजयमालाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि त्या दोघांसाठी पाणी आणायला आत गेल्या.