टोपीवरची पट्टी

वीबके थॉरमेलननं पुठ्ठ्याच्या टोपीला तारेचा आणखी एक वेढा दिला आणि तारेच्या टोकाला एक्स-रे फिल्मची पट्टी चिकटवली.

"हे काय लटकवतेस?" शेजारच्या टेबलावरून यूलेनं विचारलं.

"आन्सेल्मची अब्रू."

माग्डेबुर्गच्या त्या प्रयोगशाळेत, डॉक्टरेटची तोंडी परीक्षा पार पडली की सहकाऱ्यांनी हातानं केलेली टोपी डोक्यावर चढवायची आणि तिच्यावरची एकेक वस्तू नव्या डॉक्टरानं सर्वांसमोर उलगडून सांगायची. वीबके इथं तीस वर्षं तंत्रज्ञ होती. तिनं एकोणीस टोप्या केल्या होत्या. त्यांतल्या सोळा डोक्यांपेक्षा तिच्या मते उंदीर बरे. ते निदान एकदा चुकलेली वाट पुन्हा धरत नाहीत.

आन्सेल्म विसावा. चार वर्षं तो एकाच प्रथिनाच्या मागे होता. मेंदूतल्या दोन पेशी जिथं एकमेकींना निरोप देतात, तिथं निरोप झेलणाऱ्या रेणूंना खालून जागच्या जागी धरून ठेवणारी परांची म्हणजे हे प्रथिन. प्रोफेसर केटलर त्याला हमाल म्हणत. "बोलत नाही, ऐकत नाही, नुसतं धरून उभं. यावर कसला प्रबंध?" असं म्हणायचं आणि त्याच हमालावर व्याख्यान द्यायला लिस्बनला जायचं.

अशा फिल्मवर दर उंदराचा एक रकाना असतो आणि प्रथिन असेल तिथं काळा पट्टा उमटतो. गेल्या वर्षी वीबकेनं केलेल्या या फिल्मवर, जन्मतःच हे प्रथिन नसलेल्या उंदराच्या रकान्यातही पट्टा उमटला होता. नसलेलं दिसलं, म्हणजे शोधायला वापरलेलं प्रतिपिंड भलत्यालाच चिकटत होतं. म्हणजे चार वर्षं पाण्यात. प्रबंधात मात्र ती जागा पांढरीशुभ्र.

"पठ्ठ्यानं पट्टा पुसून टाकला," वीबके म्हणाली.

"मग प्रोफेसरांना सांग."

"त्यांना स्वतःच्या नावापलीकडे काही वाचता येतं का? त्याचं तोच सांगेल. टोपी डोक्यावर असताना." तिनं निळ्या शाईचं पेन खिशात खोचलं. त्या मजल्यावर शाईचं पेन वापरणारी ती एकटीच.

गुरुवारी अकरा वाजता आन्सेल्म पास झाला. केटलरनी आपणच परीक्षा दिल्याच्या थाटात त्याला टोपी घातली. कापसाचा उंदीर झाला, बिअरची बुचं झाली, लोक हसले.

"आणि ही पट्टी?" बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी चष्मा वर केला.

वीबके हाताची घडी घालून भिंतीला टेकली.

आन्सेल्मनं पट्टी उजेडात धरली. चौथ्या रकान्यावर निळ्या शाईत उंदराचा नंबर होता, चौऱ्याहत्तर. त्यानं तो वाचला, मग वीबकेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हे तिला आवडलं नाही.

"ही माझी चूक," तो म्हणाला. "प्राणिगृहातून फोनवर सांगितलं, सत्तेचाळीस. मी सात आधी ऐकला, आधी लिहिला. झाले चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर नंबर धडधाकट उंदीर. त्याच्यात प्रथिन असणारच. मग सत्तेचाळीस नंबरवर सगळं पुन्हा केलं. तीन आठवडे गेले. प्रबंधात आहे ती दुसरी फिल्म."

"हल्ली शाळेत एकक-दशक शिकवत नाहीत वाटतं," केटलर म्हणाले.

"नसतील शिकवत."

यूले हसली नाही. ती वीबकेच्या खिशातल्या पेनाकडे पाहत होती.

फोटोसाठी सगळे गोळा झाले. टोपी तारेच्या वजनानं एका बाजूला कलली. वीबके मागून पुढे आली.

"हलू नकोस," ती म्हणाली आणि तिनं तार खालून धरली.

"वीबके, तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?" आन्सेल्मनं मान न वळवता, ओठांतल्या ओठांत विचारलं.

"समोर बघ."

"फ्राऊ थॉरमेलन," केटलर ओरडले, "बाजूला व्हा, फोटोत येताय."

ती त्याच्या पाठीमागे खाली वाकली. हातातली तार सोडली नाही.