माझ्या पोटातली थोरल्या बहिणीची नळी

मी एक जुना फ्रीजर आहे. आइस्क्रीमच्या आशेने जवळ येऊ नका, मित्रांनो, पदरी निराशा येईल. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांवर ठेवलेल्या रक्ताच्या नळ्या आहेत.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझे कोण कौतुक! पुढे अंगावर गंज चढला, आत बर्फ साचला आणि मी उठता-बसता कण्हू लागलो. नवे फ्रीजर आले तसे मला कोपऱ्यात ढकलले. एकदा तर जुने नमुने टाकून मला भंगारात काढायचे ठरले होते. पण नमुने सांभाळणाऱ्या आमच्या मावशी हटल्या नाहीत. त्या घरी रिकामी बाटलीसुद्धा टाकत नाहीत. इथे तर माणसांचे रक्त होते. दर शनिवारी त्या माझा बर्फ खरवडत राहिल्या.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांची आई कॅन्सरने गेली, मग थोरली बहीणही. आता आपली पाळी का, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. डॉक्टरांनी समजावले: एका पेशीच्या दोन होताना वाटणी नीट होते का, यावर नजर ठेवणारे एक जनुक असते. त्यात काही बदल असे असतात की पहारा ढिला पडतो. मात्र या घराण्यात नेमका कोणता बदल शोधायचा, हे आजारी माणसाच्या रक्तावरून चांगले कळते. आणि ताईला जाऊन तर बारा वर्षे झाली होती.

हे ऐकताच मावशी तडक माझ्याकडे आल्या. संशोधनासाठी ताईने दिलेली नळी खालच्या कप्प्यात सुखरूप होती. मला झालेला आनंद काय सांगू!

बदल सापडला. तो धाकटीतही निघाला. हा आजार नव्हे, धोका आहे, दरवर्षी तपासणी करायची, असे डॉक्टर म्हणाले. बाई हसल्या.

"कापड कुठं विरलंय ते कळलं, की अस्तर लावता येतं. एवढं तर मला जमतं."

जाताना त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला. "आमच्या ताईला थंडी कधी सोसायची नाही."

उरलेल्या रक्ताचे काय करू, असे मावशींनी विचारले.

"राहू द्या. माझी नळीही तिच्या शेजारीच ठेवा."

बाई आता दरवर्षी तपासणीला येतात. ठणठणीत आहेत, आणि माझीही विचारपूस करतात.

मित्रांनो, घरात कुणाला कोणता आजार होता, हे मोठ्यांना विचारत जा. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे दार उघडलेत, तर ते घट्ट लावत जा. आत दोघी बहिणी आहेत.